हरणाऱ्याला रोख

चेअरमन रिंगकडे पाठ करून बसायचे.

कुस्ती ऐन रंगात आलेली, लोक उभे राहिलेले, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतोय, आणि ज्यांची ही सगळी कंपनी ते चेअरमन आपल्या घडीच्या खुर्चीवर, प्रेक्षकांकडे तोंड करून, मांडीवर वही घेऊन बसलेले. कुणी विचारलं तर सांगायचे, "मालकाने गिऱ्हाईक बघायचं असतं, माल नाही." खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माणसाने माणसाला उचलून आपटलेलं त्यांना बघवत नसे. मागे फळ्यांवर धप्प आवाज झाला की त्यांचे खांदे कानापर्यंत जात. कोण कुणाला कितव्या मिनिटाला उचलणार हे दुपारी त्यांनीच वहीत लिहिलेलं असायचं, तरीही. कुस्ती संपली की रिंगपाशी पहिले पोचायचे तेच, हातात मलमाची डबी घेऊन.

"लागलं का रे? खरं सांग."

आत्ताच डरकाळ्या फोडून खाली उतरलेला पहिलवान ओशाळून म्हणायचा, "नाही हो साहेब, कुठं काय लागलं!" चेअरमन त्याच्याकडे संशयाने बघत, कुठे ना कुठे मलम लावूनच त्याला सोडत.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. बऱ्हाणपुरात निम्म्या लोकांना ते ठाऊकही नसेल. लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या दारावर पाटीच होती, 'चेअरमन'. कशाचे, ते खाली बारीक अक्षरात: सातपुडा रेसलिंग कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. त्याच्याही खाली, त्याहून बारीक अक्षरात, कंसात: 'प्रस्तावित'. कंपनीची नोंदणी कधी झालीच नाही. पण चेअरमन खोटं लिहिणारे नव्हते, त्यामुळे तो कंस शेवटपर्यंत पाटीवर राहिला.

मी त्यांच्याकडे कशी लागले ते सांगते. मी राजपुऱ्यातल्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवत होते. नदीकाठी जत्रा भरली की हरवलेल्या मुलांच्या घोषणा करायचं काम आमच्या शाळेकडे येई, आणि आवाज मोठा म्हणून ते माझ्या गळ्यात पडे. एका वर्षी पांढऱ्या सफारीतले, खिशाला तीन पेनं लावलेले एक गृहस्थ माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. मला वाटलं, यांचा नातू हरवला असणार.

"मुलाचं नाव सांगा," मी म्हणाले.

"मूल नाही मॅडम. मी अर्ध्या तासापासून तुम्हाला ऐकू राहिलो. तुम्ही 'लाल फ्रॉक घातलेली चार वर्षांची मुलगी' म्हणता ना, तर माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या पहिलवानांची नावं अशी कुणी घेतली तर कंपनी कुठल्या कुठे जाईल."

दुसऱ्या दिवशी ते पाव किलो मावा जिलेबी घेऊन आमच्या घरी हजर. सासूबाई पुढे बसल्या. "बाईमाणूस कुस्तीत काय करणार?"

"कुस्ती नाही करायची, आई. फक्त माइकवर बोलायचं. समोरच्याचं काय चुकलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं."

"ते तर ती घरातही करते," सासूबाई म्हणाल्या, आणि मला परवानगी मिळाली.

चेअरमनांचे मूळचे सहा पॉवरलूम होते. जन्म त्या खडखडाटात गेला, त्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत आणि टीव्ही मात्र आवाज बंद करून बघत, कारण ऐकू तसाही आला नसता. अशीच आवाज नसलेली परदेशातली कुस्ती त्यांनी बघितली. तो चकचकीत पट्टा, ते मुखवटे, दोरावरून मारलेल्या उड्या. कितीतरी दिवस बघून त्यांनी त्यातलं मर्म काढलं, आणि ते आम्हाला पुष्कळदा ऐकवलं. "मॅडम, यात कुणालाच लागत नाही आणि सगळ्यांचं पोट भरतं. असा दुसरा धंदा मला दाखवा."

तो धंदा उभा करायला त्यांनी चार लूम विकले. उरलेले दोन विकले गेले नाहीत, कारण ते काकूंच्या नावावर होते. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. बारीक अंगाच्या, कानात कापूस घालून दिवसभर लूमशी उभ्या. कंपनीबद्दल त्या बोलत नसत. एकदाच, आमच्या खलनायकाचा काळा मुखवटा शिवायची वेळ आली तेव्हा, शिवता शिवता म्हणाल्या, "तोंड झाकून करायला लागेल असं काम माणसाने करूच नये." पण शिवला मात्र सुरेख. डोळ्यांच्या भोकांना काजासारखी शिवण घातली होती, सहा महिने उसवली नाही. कुस्ती बघायला त्या कधी आल्या नाहीत. "मला सूत लावायचंय," एवढंच उत्तर.

रिंग सिंधीपुऱ्यातल्या एका वेल्डरने बनवून दिली. खाली जुन्या ट्रकचे स्प्रिंगचे पाटे, वर फळ्या, फळ्यांवर लूमच्या वाया गेलेल्या सुताची गादी, आणि गादीवर चेअरमनांच्याच लूमवर निघालेलं शेवटचं कापड. त्या कापडाला ते पहिल्या खेळाआधी हात जोडत, आणि खेळ संपल्यावर कुणी वर चप्पल घालून चढलं होतं का याची चौकशी करत.

पहिलवान सुरुवातीला आठ होते, पुढे पुढे दोनच उरले. जावेद आणि सुनील. जावेद ई-रिक्षा चालवायचा. उंच, गोरा, केस मागे वळवलेले. तो आमचा नायक, 'शेर-ए-तापी'. सुनील केळी मंडीत हमाल होता. इतका गरीब स्वभाव की बोलतानासुद्धा समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघून बोले. तो 'काळा कोब्रा'. मुखवटा चढवला की पोरं त्याच्या अंगावर चिप्सची रिकामी पाकिटं फेकायची आणि तो ती गोळा करून कोपऱ्यात नीट ठेवायचा. चेअरमन वैतागायचे. "अरे, तू दुष्ट आहेस! दुष्ट माणूस कचरा उचलतो का?"

"पाय घसरंल ना साहेब कुणाचा," सुनील बटणाकडे बघत म्हणायचा.

लोक तोंडावर म्हणत, ही नूराकुस्ती आहे, आधीच ठरवलेली. चेअरमनांना राग येत नसे. उलट ते समजावून सांगत, "ठरवलेली आहेच. न ठरवता माणसं आपटायला मी काय गुंड आहे?" मात्र ठरवायचं कसं, यात त्यांचा जीव अडकलेला असायचा. दुसऱ्या कुठल्या कंपनीत कोण जिंकल्याने तिकिटं खपतील हे बघत असतील. चेअरमन बघायचे की या आठवड्यात जिंकण्याची गरज कुणाला जास्त आहे. वही उघडून ते दोघांची घरची खबर घेत. एकाच्या बायकोचं आजारपण, दुसऱ्याचा भावाशी झालेला तंटा. हे सगळं तोलून ते लिहीत: 'सुनील विजयी. सासरे मंडळी खेळाला येणार आहेत.' त्या दिवशी खलनायक जिंकायचा, लोक चिडायचे, आणि पुढच्या रांगेत बसलेले सुनीलचे सासरे मात्र मिशीला हात लावून इकडेतिकडे बघायचे. त्याने धंदा बुडतो असं मी एकदा म्हटलं. चेअरमन म्हणाले, "मॅडम, जावई घरात मान खाली घालून जेवतो. एक दिवस वर करू द्या."

धंदा बुडतच होता, आणि त्याची तऱ्हा न्यारी होती. काळाबरोबर चालायचं म्हणून चेअरमनांनी तिकिटाच्या खोक्यावर क्यूआर कोड चिकटवला. पण स्वतःच्या खात्यात पैसे आले की कर्जाचा हप्ता आपोआप कापला जाई, म्हणून कोड काकूंच्या खात्याचा लावला. काकूंच्या खात्यात आलेला रुपया परत बाहेर आला नाही. त्याचं सूत आलं. शेवटी चेअरमन स्वतः दारात उभे राहून, मोबाइल पुढे करणाऱ्या लोकांना हात जोडून म्हणायचे, "रोख द्या हो, रोख. तो कोड नुसता शोभेचा आहे." केळीच्या एका व्यापाऱ्याने जाहिरातीच्या बदल्यात पाठिंबा द्यायचं कबूल केलं, आणि पैशांऐवजी केळी पाठवली. बारा घड. आठवडाभर चेअरमनांच्या ओसरीवर आम्ही सगळे केळी खात होतो आणि ते प्रत्येकाला विचारत होते, "ताकद वाटू राहिली ना?"

असेच पगाराचे पैसे कमी पडले तेव्हा त्यांना ती कल्पना सुचली. एका संध्याकाळी त्यांनी जावेदला बाजूला घेतलं. "जावेद, आज रोख नाही. पण आज तुला जिंकवतो."

जावेद तेव्हा खूश झाला. नायक असून आधीचे तीन खेळ तो हरला होता, कारण सुनीलच्या घरी अडचणींची रांग लागलेली. मग हाच रिवाज पडला. पैसे असले की पैसे, नसले की विजय. विजयाचं मोल टिकावं म्हणून चेअरमनांनी पट्टे वाढवले. खानदेश केसरी पट्टा, निमाड पट्टा, केळी पट्टा. दोन पहिलवान आणि पाच पट्टे. जावेदच्या घरी भिंतीला खिळे कमी पडायला लागले. पण पट्ट्याने गॅसचा सिलेंडर भरता येत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि एका दुपारी ते मिळून तक्रार घेऊन आले.

चेअरमनांनी रात्रभर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा नियम वाचून दाखवला. जिंकणाऱ्याला मान मिळतो, टाळ्या मिळतात, पट्टा मिळतो. हरणाऱ्याच्या वाट्याला काय? अपमान. म्हणून यापुढे हरणाऱ्याला रोख, जिंकणाऱ्याला मान. "यात अन्याय कुठे आहे, मला दाखवा," ते म्हणाले. आम्ही तिघांनी शोधला. कागदावर तरी सापडला नाही.

तो सापडला धामणगाव नावाच्या खेड्यात.

एव्हाना खर्च कमी करायला पंचाला काढून टाकलं होतं. त्याचं काम माझ्याकडे आलं होतं: रिंगच्या कडेला माइक घेऊन उभं राहायचं, वर्णन करायचं, आणि कुणाचे खांदे गादीला टेकले की तीनपर्यंत मोजायचं; तेवढ्यात उठला नाही तर तो हरला. गावच्या जत्रेतला खेळ होता. दिवस मावळत होता, केळीच्या बागांवरून वारा येत होता, समोर तीनचारशे माणूस. कमिटीच्या पाटलांनी ठरलेले निम्मे पैसे आधी दिले होते, निम्मे खेळानंतर. ट्रकवाल्याचे देऊन चेअरमनांकडे एकाच माणसाला पुरेल एवढी रोख होती, आणि वहीत लिहिलं होतं: 'जावेद विजयी.' म्हणजे सुनील हरणार, रोख सुनीलला. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं.

चेअरमनांना एक गोष्ट माहीत नव्हती. जावेदच्या मुलीच्या शाळेतून दुपारी निरोप आला होता की फी भरल्याशिवाय सोमवारी परीक्षेला बसता येणार नाही.

कुस्ती सुरू झाली. पाच मिनिटं सगळं वहीप्रमाणे. मग सुनीलने जावेदच्या छातीवर हात नुसता टेकवला आणि शेर-ए-तापी झाड पडावं तसा आडवा झाला. मी माइकवर म्हणाले, "काय हा जबरदस्त प्रहार!" पण मलाही तो दिसला नव्हता. आता सुनीलने त्याच्यावर झोपायचं, मी दोनपर्यंत मोजायचं आणि जावेदने उसळून उठायचं, असं ठरलं होतं. सुनील वाकला. त्याला जावेदच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार. तो तिथेच थांबला, पोटाला हात लावून कळवळला, आणि जावेदच्या शेजारी उताणा झोपला.

दोघेही आभाळाकडे तोंड करून पडलेले. मी काय मोजणार?

मी वर्णन करायला शब्द शोधत रिंगच्या आणखी जवळ गेले, आणि तिथेच घोटाळा झाला. माझ्या माइकने त्यांची कुजबुज पकडली. कर्णे चांगले होते. सगळ्या गावाला ऐकू गेलं.

"उठ ना जावेद. तुझा जिंकायचा नंबर आहे आज."

"मला आज हरू दे, सुनील. बच्ची की फीस भरनी है. सोमवारी पेपर आहे तिचा."

"आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे रे. वहीत माझंच नाव आहे हरायला."

"तू कालही हरला होता."

"ते उधारीत गेलं."

"अरे भाई, उठ ना. एक बार जीत जा. तुझे काय जाते?"

"तूच जीत ना. शेर आहेस तू."

मग मागून कुणीतरी खिंकाळलं, आणि हसू मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत येत गेलं. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक जण ओरडला, "दोघांना बी हरू द्या!" लगेच सगळ्यांनी तेच धरलं. मी माइक बंद करायचा सोडून तोंडावर हात ठेवून उभी.

चेअरमन प्रेक्षकांकडे तोंड करून बसले होते. लोकांच्या चेहऱ्यांवरून मागे काय चाललंय हे त्यांना बरोबर कळायचं. घाबरलेले चेहरे म्हणजे कोब्राने उचललं, उजळलेले म्हणजे जावेद उठला. पण हे चेहरे त्यांनी कधी बघितलेच नव्हते. कर्ण्यातून आलेलं एकेक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत होतं. त्यांनी वही मिटली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा खुर्ची रिंगकडे वळवली.

थोडा वेळ ते त्या दोघांकडे नुसते बघत राहिले. मग उठले, चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या, आणि दोराखालून वाकून रिंगमध्ये शिरले. शिरताना सफारीचा खिसा दोरात अडकला, तिन्ही पेनं गादीवर सांडली. ती त्यांनी गोळा केली. मग दोघांच्या मधे गुडघे टेकून बसले. उजवा तळहात जावेदच्या छातीवर ठेवला, डावा सुनीलच्या.

"मॅडम," ते म्हणाले, "मोजा."

मी मोजलं. एक. दोन. तीन. गाव माझ्याबरोबर मोजत होतं.

जावेद हरला, सुनील हरला. चेअरमन जिंकले. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, टोप्या उडवल्या, आणि चेअरमन तिथेच बसून दोघांना विचारत होते, "जोराने तर नाही ना दाबलं मी?" सुनील मुखवट्याच्या आत रडत होता की हसत होता, मला आजही सांगता येणार नाही. माझं स्वतःचंही तेच चाललं होतं.

पाटलांनी मात्र उरलेले निम्मे पैसे दिले नाहीत. "कुस्ती लागलीच कुठं?" त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. चेअरमनांनी हातातली रोख दोघांत वाटली आणि उरलेली उद्या देतो म्हणाले. नियम त्यांनीच केला होता, आणि हरलेले दोघे होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनाही पूर्ण रक्कम मिळाली. त्यानंतर चेअरमनांची स्कूटर कुणाला दिसली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरने चालायला सांगितलंय." कुठल्या डॉक्टरने, ते सांगितलं नाही.

जावेदच्या मुलीने पेपर दिला. सुनीलच्या आईचं ऑपरेशन झालं, आणि डोळ्याची पट्टी निघाल्यावर तिने खुंटीवरचा मुखवटा बघून पहिला प्रश्न विचारला की हे काळं फडकं तू तोंडाला का बांधतोस.

त्या कुस्तीचं कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं, आणि ते गावोगाव फिरलं. चेअरमनांना फोन यायला लागले. सगळ्यांना तोच खेळ हवा होता, दोघेही हरतात तो, आणि शेवटी म्हातारा जिंकतो तो. पैसेही बरे देत होते. चेअरमनांचा चेहरा खुलला. ओसरीवर तालमी सुरू झाल्या. त्यांनी संवाद लिहून काढले, फीचे आणि मोतीबिंदूचे, आणि मला बजावलं की माइक बरोबर सहाव्या मिनिटाला जवळ न्यायचा.

पुढच्या गावी आम्ही सगळं जसंच्या तसं केलं. जावेद पडला, सुनील पडला. माइक जवळ गेला. "बच्ची की फीस भरनी है," जावेद म्हणाला. त्याच्या मुलीची फी भरून महिना झाला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ केलेलं म्हणावं तसं त्याने ते म्हटलं. कुणी हसलं नाही. चेअरमन रिंगमध्ये शिरले, पेनं वेळेवर सांडली, तरी कुणी हसलं नाही. शेवटी एक म्हातारा उठून म्हणाला, "हे तर नाटक करू राहिले!" आणि लोक पैसे परत मागायला खोक्याभोवती जमले.

परतीच्या वाटेवर, बऱ्हाणपूर जवळ आल्यावर, ट्रकमध्ये चेअरमन म्हणाले, "बघा मॅडम, त्या दिवशी ते खरंच हरले होते. ते मला लिहिता येत नाही." एवढंच. त्यात रडगाणं नव्हतं. एखाद्या कापडात कुठे धागा तुटला ते सापडल्यावर विणकर बोलतो, तसे ते बोलले.

आठवड्याभरात रिंग विकली. घेणारा लग्नाचा मंडपवाला होता. आता त्या रिंगवर नवरानवरी उभे राहून एकमेकांना हार घालतात. खालचे ट्रकचे पाटे त्याने काढले नाहीत, त्यामुळे नवरी जरा जोरात पाऊल टाकते तेव्हा नवरा हलकेच वर उचलला जातो. चेअरमनांनी आलेल्या पैशांतून सगळ्यांचे राहिलेले पगार चुकते केले, काढून टाकलेल्या पंचाचेसुद्धा. मग एका दुपारी आम्हा तिघांना घरी बोलावलं. ओसरीवर टेबल, टेबलावर कंपनीच्या लेटरहेडचे उरलेले कागद. आत काकूंचे दोन लूम चालू होते, त्यामुळे सगळं ओरडून चाललं होतं.

प्रत्येकाला अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं, असं चेअरमनांनी ठरवलं होतं. आदल्या रात्री बसून स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. सुनीलच्या प्रमाणपत्रात होतं: 'यांनी आमच्या कंपनीत चार वर्षे खलनायक म्हणून काम केले. नव्वद किलोपर्यंतचा माणूस ते डोक्यावर उचलतात आणि त्यास कोणतीही इजा न होता खाली ठेवतात. वर्तणूक अत्यंत सौम्य.' आम्ही हसलो. पण सुनील तो कागद घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेला आणि त्याला वॉर्डबॉयची नोकरी लागली. आज तो रोग्यांना खाटेवरून स्ट्रेचरवर घेतो. जावेदचं प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन त्याच्या ई-रिक्षात लटकतंय. त्यात एकही अपघात नाही असा उल्लेख असल्यामुळे सवाऱ्या निर्धास्त बसतात. माझ्या प्रमाणपत्रात लिहिलं होतं: 'यांचा आवाज माइक बंद असतानाही काम करतो.' ते मी सासूबाईंना दाखवलं नाही.

वाटून झाल्यावर चेअरमन हात झटकून म्हणाले, "चला, झालं."

"झालं कसं?" जावेद म्हणाला. "तुमचं सर्टिफिकेट कुठंय?"

"मला कोण देणार?"

मी एक कोरा लेटरहेड ओढला. जावेद एका बाजूने सांगायला लागला, सुनील दुसऱ्या बाजूने, दोघांचं जमेना, आणि चेअरमन ओसरीच्या टोकाला जाऊन गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी जे कागदावर आलं ते असं:

'प्रमाणित करण्यात येते की हे चार वर्षे आमचे मालक होते. त्यांनी पगार एकदाही वेळेवर दिला नाही. एकदाही बुडवला नाही. त्यांच्याकडे काम करताना आमच्यापैकी कुणाचंही हाड मोडलं नाही. त्यांनी पुन्हा कंपनी काढल्यास आम्ही येऊ. ॲडव्हान्स घेऊन येऊ.'

खाली तिघांच्या सह्या.

चेअरमनांनी चष्मा लावून ते वाचलं. परत वाचलं. मग गंभीरपणे म्हणाले, "शिक्का कुठाय? शिक्क्याशिवाय याला काही किंमत नाही."

"आमच्याकडे कुठला शिक्का साहेब?" सुनील म्हणाला.

त्यांनी खणातून कंपनीचाच शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली, आणि आमच्या सह्यांच्या शेजारी जोराने उमटवला. मग आवक नोंदवही काढली. मी डोकावून बघितलं. आधीची सगळी पानं नोटिसांनी भरली होती. बँकेच्या, वीजमंडळाच्या, ट्रकवाल्याच्या वकिलाच्या. प्रत्येकीपुढे 'कार्यवाही' या रकान्यात त्यांचं ठळक अक्षर: मुदत मागितली. मुदत मागितली. उत्तर देणे बाकी.

शेवटच्या ओळीत त्यांनी आमच्या कागदाची नोंद केली. क्रमांक घातला, तारीख घातली. 'कार्यवाही'च्या रकान्याशी पेन थांबलं. ते कागद घेऊन उठले आणि आत गेले.

जरा वेळाने आतला एक लूम थांबला. मग दुसराही थांबला. भर दुपारी त्या घरात शांतता झालेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. आतून चेअरमनांचा आवाज येत होता. मशीन बंद असतानाही ते सवयीने ओरडूनच वाचत होते, आणि 'एकदाही बुडवला नाही' हे वाक्य तर गल्लीतही ऐकू गेलं असेल.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, खुर्चीत बसले, आणि रकान्यात लिहिलं: 'सौ. यांना वाचून दाखवले.'

"काकू काय म्हणाल्या?" मी विचारलं.

चेअरमन शाई वाळायची वाट बघत वहीवर फुंकर घालत होते. मान वर न करता म्हणाले, "दोनदा वाचायला लावलं."